नाव कोणाचं, फोन कोणाचा?



परिचारिकांच्या प्रश्नांवर बोलायचं म्हटलं की पगार, रात्रपाळ्या, कंत्राटी नेमणुका हे विषय येतात. त्यांवर इतर जणी बोलणारच आहेत. मी आज एका फॉर्मविषयी बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही.

आपल्याकडच्या अनेक परिचारिका ब्रिटन, आयर्लंडला जाण्यासाठी धडपडताहेत. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. १९८९ पासून चालू असलेली आयईएलटीएस ही त्यातली एक. दुसरी ओईटी, ती खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात ७, तर लेखनात ६.५ गुण लागतात. परीक्षा अवघड आहे, पण आपल्या मुली अभ्यासाला घाबरत नाहीत. त्या अडतात अलीकडेच, नावनोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मवर. मी त्यांच्याबरोबर बसून हे फॉर्म भरते, म्हणून सांगते.

पहिली अडचण नावाची. डिप्लोमा आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. पासपोर्टवर कधी आडनावाचा रकाना रिकामा आणि सगळं नाव एकाच ओळीत. फॉर्मला यातलं काही कळत नाही. आडनाव लिहिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि लिहिलेलं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर परीक्षेलाच बसता येणार नाही ही टांगती तलवार. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. हा फॉर्म त्याच्यासाठी सरळ आहे.

दुसरी अडचण फोनची. पडताळणीचा सहा आकडी ओटीपी येतो, आणि नंबर असतो नवऱ्याचा. तो कामावर, ही आमच्या कार्यालयात. तो आकडा विचारून घेईपर्यंत मुदत संपते, पुन्हा पहिल्यापासून. एक जण तर आकडा मागवायचं बटण दाबायच्या आधी थांबली. म्हणाली, "ताई, तो त्यांच्या फोनवर जाईल. मग त्यांना कळेल." त्या दिवशी तो फॉर्म भरला गेला नाही.

तिसरी अडचण पैशांची. फी पंधरा हजारांहून जास्त. एकीच्या खात्यातून पैसे गेले आणि जागा मात्र नोंदली गेली नाही. मदतीच्या क्रमांकावर यंत्र बोलत राहिलं. घरी तिला ऐकावं लागलं, "झालं का समाधान?" रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा आदेश तिला कोणी सांगितलाच नव्हता. खात्यातून रक्कम वजा झाली आणि विक्रेत्याकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर ती पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे आपल्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवा.

एवढं झाल्यावर लोक म्हणतात, बायकांना कॉम्प्युटर जमत नाही. अतिदक्षता विभागात रात्रभर व्हेंटिलेटर सांभाळणारी बाई, तिला एक फॉर्म जमत नाही? तो फॉर्म हे धरूनच चालतो की समोरच्या माणसाचं नाव, फोन आणि पैसा त्याचा स्वतःचा आहे. आपल्याकडे बाईच्या या तिन्ही गोष्टी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतात. फॉर्मने ते फक्त उघडं केलं.

मग आपण काय करायचं? लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मुलींना शाळेपासून सांगायचं. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सैल झाले, विवाहितांना लग्नाचा दाखला जोडायची सक्ती राहिली नाही, हेही सांगायचं. ज्यांची नावं आधीच बदलली आहेत, त्यांनी परीक्षेची तारीख शोधण्याआधी सगळी कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून नाव तपासावं. स्वतःच्या नावाचं सिमकार्ड, एकटीचं बँक खातं आणि ईमेलचा पासवर्ड, ही आपल्या बचत गटांच्या कामाची पहिली पायरी व्हावी. आणि परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांकडे आपण एकत्रितपणे मागणी करू या: मराठीत बोलणारं माणूस फोनवर हवं, आणि बदललेल्या नावाचा रकाना फॉर्मवर हवा.

काही मैत्रिणी विचारतील, इथल्या रुग्णालयांत परिचारिका कमी असताना त्यांना बाहेर जायला मदत कशाला? प्रश्न रास्त आहे. इथला पगार आणि इथली वागणूक सुधारण्यासाठी आपला लढा चालूच राहील. पण जायचं की राहायचं हे त्या बाईने ठरवायचं आहे. तिचा निर्णय नवऱ्याच्या खिशातल्या फोनवर अडकून राहता कामा नये.