हात ज्याचा, जबाबदारीही त्याची

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी व्याख्यानमालेत १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी, क्लब हाऊसमध्ये दिलेलं भाषण. सेक्रेटरींच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर करून देत आहे.)



माइकसमोर उभं राहायची मला सवय नाही. माझी सगळी नोकरी रात्रीच्या वॉर्डात हळू आवाजात बोलण्यात गेली. पण सेक्रेटरी म्हणाले, "सिस्टर, पार्किंग आणि पाण्यावर सगळेच बोलतात, तुम्ही तुमच्या कामाबद्दल बोला." म्हणून एकतीस वर्षं परिचारिका म्हणून काम करताना कायद्याशी माझी गाठ कशी पडत गेली, ते सांगते.

सुरुवात आपल्याच बिल्डिंगपासून करते. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, रात्री साडेदहाला माझी बेल वाजली. 'बी' विंगमधले काका दारात. हातात केमिस्टची पिशवी, त्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन आणि सिरिंज. "मुलाचा मित्र डॉक्टर आहे, त्यानं फोनवर सांगितलंय. तुम्ही फक्त टोचा." मी विचारलं, चिठ्ठी आहे का? नव्हती. हे औषध आधी कधी घेतलंय का? आठवत नव्हतं. मी नाही म्हणाले. रिक्षा बोलावली आणि दोघांना घेऊन नाक्यावरच्या नर्सिंग होममध्ये गेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, तेच इंजेक्शन दिलं, काहीही झालं नाही. परत येताना काकू म्हणाल्या, "आयुष्यभर सुया टोचल्यात, मग आमच्यासाठीच एवढे नखरे?" पुढे सहा महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणंही आलं नाही. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच हे सांगतेय.

तेव्हा मी त्यांना नीट समजावलं नव्हतं. आज ते कर्ज फेडते.

अँटिबायोटिकची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर काही मिनिटांत रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वास अडकतो. तेव्हा अ‍ॅड्रिनलिन लागतं, ऑक्सिजन लागतो, डॉक्टर लागतो. माझ्या हॉलमध्ये यातलं काहीच नव्हतं. आणि अशा वेळी कायदा चार साधे प्रश्न विचारतो. या माणसाची काळजी घेणं तुमचं कर्तव्य होतं का? त्यात कसूर झाली का? रुग्णाचं नुकसान झालं का? आणि ते त्या कसुरीमुळेच झालं का? काकांच्या हातातून मी सिरिंज घेतली, त्या क्षणी पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' झालं असतं. "मी पैसे घेतले नाहीत, शेजारधर्म म्हणून केलं" म्हणून सुटका नाही. "डॉक्टरांनी फोनवर सांगितलं" म्हणूनही नाही. माझ्यासारखं शिक्षण असलेली दुसरी कुणी समंजस परिचारिका तिथे काय करती, या मापानं मला मोजलं गेलं असतं.

आमचं नावही असंच कुणी लावू शकत नाही बरं का. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झाल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते, ठरावीक मुदतीनं तिचं नूतनीकरण करावं लागतं. महाराष्ट्रात यासाठी १९६६ चा परिचारिका अधिनियम आहे. गैरवर्तन सिद्ध झालं तर परिषद नोंदवहीतून नाव काढू शकते.

नोंदणीला एवढं महत्त्व का, हे दिल्लीच्या एका खटल्यातून कळतं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याचा निकाल दिला. एक लहान मूल विषमज्वरासाठी खासगी रुग्णालयात दाखल होतं. द्यायचं होतं एक औषध, नर्सनं दिलं मलेरियाचं, आणि तेही थेट शिरेतून. मुलाचं हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. चौकशीत निघालं की त्या बाईंची कुठल्याच राज्याच्या परिषदेत नोंदणी नव्हती. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या यातनांसाठी पाच लाख अशी भरपाई मान्य झाली. नोकराच्या चुकीला मालकही जबाबदार, म्हणून रुग्णालयालाही ती चुकली नाही. त्याआधी १९९५ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते.

आता तुम्हाला वाटेल, ही बाई दुसऱ्यांच्या चुका सांगतेय. तर माझी सांगते.

नोकरीतलं सातवं-आठवं वर्ष असेल. रात्रपाळी, चाळीस रुग्ण, आम्ही दोघीजणी. शेजारशेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनावाचे दोन रुग्ण. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री आम्हाला झोपेतही पाठ असते. त्या रात्री मी पहिलंच सूत्र चुकले. पूर्ण नाव न विचारता, आडनाव ऐकून, एकाची रक्तदाबाची गोळी दुसऱ्याला दिली. पाच मिनिटांत लक्षात आलं. पाय लटपटायला लागले. वॉर्डात सगळे झोपलेले, कुणीही पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर कदाचित कुणाला कळलंही नसतं.

मी डॉक्टरांना उठवलं. केसपेपरवर लिहिलं: कोणती गोळी, किती वाजता, चुकून दिली, डॉक्टरांना किती वाजता कळवलं. खाली माझी सही. रात्रभर दर पंधरा मिनिटांनी त्या आजोबांचा रक्तदाब घेतला आणि प्रत्येक आकडा लिहिला. दोन वेळा तो खाली गेला, पहाटे सावरला. सकाळी त्यांच्या मुलीला मी स्वतः सांगितलं. ती ओरडली, आणि तिचं बरोबर होतं. मला मेमो मिळाला, चौकशी झाली. चाळीस रुग्णांना दोन नर्स हा काही माझा दोष नव्हता, पण गोळी माझ्या हातानं दिली होती. चौकशीत माझ्या बाजूनं उभं राहिलं ते एकच पान, माझ्याच सहीचं. चूक मान्य करणारं तेच, आणि नंतर रुग्णाला सोडून गेले नाही हे दाखवणारंही तेच.

आपल्या सोसायटीत म्हणतात ना, जे इतिवृत्तात नाही ते सभेत झालंच नाही. वॉर्डातही तोच न्याय. मी रात्रभर रुग्णाजवळ बसले, पण लिहिलं नाही, तर कायद्याच्या दृष्टीनं मी बसलेच नाही. म्हणून एखादी सिस्टर तुमच्याशी बोलायचं सोडून लिहीत बसलेली दिसली तर रागावू नका. ती तुमच्या माणसाचंच काम करत असते.

प्रत्येक चूक म्हणजे गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वैद्यकीय कामात फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा साधा नव्हे, अत्यंत ढोबळ असावा लागतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास कलम १०६ लागतं. त्यात नोंदणीकृत डॉक्टरासाठी उपचार करतानाच्या कृत्याला कमाल शिक्षा दोन वर्षं आहे. परिचारिकेचा तिथे वेगळा उल्लेख नाही. म्हणजे आम्ही सर्वसाधारण तरतुदीत, जिथे कमाल पाच वर्षं. मुलींनी या व्यवसायात जरूर यावं, पण हे माहीत असून यावं.

आता तुमच्या उपयोगाचं. आपल्या तीन विंग्जमध्ये आज कितीतरी घरांत ब्युरोतून आलेल्या बायका आजी-आजोबांना सांभाळतात. त्यातल्या बहुतेकजणी मायेनं करतात, पण त्या नोंदणीकृत परिचारिका नसतात. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे त्यांचं काम. सलाइन लावणं, शिरेतून इंजेक्शन देणं हे नाही. "तुला येतं ना, मग दे" असं म्हणू नका. काही झालं तर त्या गरीब बाईला तर भोगावं लागेलच, पण "दे" म्हणणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागेल. खरी परिचारिका हवी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र मागा. जिच्याकडे असेल ती राग मानणार नाही.

घरात एक साधी वही ठेवा. औषध, मात्रा, वेळ, देणाऱ्याचं नाव. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच वहीत चिकटवा. रुग्णालयात कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका, आधी विचारा. उपचारांची कागदपत्रं हवी असतील तर लेखी मागा, बहात्तर तासांत ती देण्याचा नियम आहे. आणि तक्रार असेल तर ती कागदावर करा, हातानं नको. २०१० च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात डॉक्टर-नर्सवर हात उगारणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शेवटचं सांगते आणि बसते. सहा महिन्यांच्या अबोल्यानंतर एका सकाळी काकूंनी माझी बेल वाजवली. हातात वही होती. काकांना इन्शुलिन सुरू झालं होतं. म्हणाल्या, "सिस्टर, चिठ्ठी आहे, मात्रा लिहिली आहे, डॉक्टरांची सही आहे. आता तरी शिकवाल का?" मी त्यांना तिथेच, डायनिंग टेबलावर, पेनमध्ये मात्रा कशी लावायची, जागा कशी बदलायची, साखर उतरली तर आधी काय द्यायचं, सगळं शिकवलं. त्या वहीच्या आज चार वह्या झाल्या आहेत.

माझ्या दाराची बेल कुठल्याही वेळी वाजवा. मी येईन. पण चिठ्ठी घेऊन या.