गुडघ्यातले वंगण



आम्ही कलाशाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. घर्षण आणि झीज या विषयावर आम्ही बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण कारण घरचेच आहे. आमच्या आईचे गुडघे दुखू लागले तेव्हा शेजारच्यांनी सांगितले, "वंगण संपलंय." आम्ही मान डोलावली आणि दोन वर्षे मालिशच्या तेलाच्या बाटल्या आणत राहिलो. हे वंगण म्हणजे काय, हे विचारायचे काही आम्हाला सुचले नाही.

तो प्रश्न आयुष्यभर विचारणारा माणूस डॉक्टर नव्हता, यंत्र अभियंता होता. डंकन डाउसन, जन्म १९२८, इंग्लंडमधील यॉर्कशायरचे. वडील लोहारकाम करणारे. मुलगा लीड्स विद्यापीठात प्राध्यापक झाला. यंत्रातील दातेरी चाके एकमेकांवर दाबली जाताना मधला तेलाचा पातळ थर कसा टिकतो, याचे गणित त्यांनी हिगिन्सन यांच्यासह १९५९ मध्ये मांडले. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या शास्त्राला १९६६ साली एका सरकारी समितीच्या अहवालाने 'ट्रायबॉलॉजी' हे नाव दिले. त्या समितीतही ते होते.

पुढे संधिवाताचे डॉक्टर व्हर्ना राइट यांच्या जोडीने त्यांनी माणसाच्या सांध्याला हात घातला. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते, बरेचसे पाण्याने भरलेले. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतूही नाही. म्हणजे झीज सुरू होते तेव्हा ती कूर्चा स्वतः दुखत नाही, आणि झिजलेली सहसा भरूनही येत नाही. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. आई दुखते म्हणाली, त्याच्या कितीतरी आधीपासून ती झिजत होती!

चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीइतका भार येतो, आणि वर्षाकाठी एका पायाची पावले दहा लाखांच्या घरात जातात. तरी सांधा टिकतो कसा? डाउसन आणि जिन यांनी १९८६ साली दाखवले, की कूर्चा सूक्ष्म पाहता खडबडीत असते, पण मऊ असल्यामुळे दाब पडताच तिचे उंचवटे सपाट होतात आणि केसाहून पातळ असा द्रवाचा थर मध्ये टिकू शकतो. तेव्हा नुसते वंगण असून भागत नाही, ते धरून ठेवणारे आवरणही शाबूत हवे. कातडीवर चोळलेल्या तेलाने बरे वाटते, पण ते तिथवर पोहोचत नाही.

लीड्सला कृत्रिम खुबे यंत्रावर लाखो पावले चालवून तपासले गेले. प्लॅस्टिकचे झिजलेले बारीक कण शरीराला खपत नाहीत, भोवतीचे हाड झडते आणि बसवलेला सांधा सैल होतो.

कलाशाखेच्या मुलांसाठी एक गोष्ट सांगतो. याच माणसाने १९७९ मध्ये आपल्या शास्त्राचा जाडजूड इतिहासही लिहिला. त्यात प्राचीन इजिप्तमध्ये पुतळा ओढताना घसरगाडीपुढे पाणी ओतणारा माणूसही आहे. डाउसन २०२० साली वारले.

शेवटी आम्ही आईला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी क्ष-किरण चित्र पाहिले आणि आधी विचारले, "आजी, काम काय करायच्या?" आई सांगू लागली. डोक्यावरचे पाणी, ओणव्याने भातलावणी, विटा. आम्ही शेजारी बसून पहिल्यांदाच ते सगळे सलग ऐकत होतो.