मत कुणाचं, हुकूम कुणाचा?

(अचलपूर येथे गिरणी कामगारांच्या सभेत झालेले भाषण)



आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. घटनेचं कलम सांगायला आम्ही वकील नाही. पण साच्यावर उभा राहणारा माणूस एक गोष्ट पक्की जाणतो : मस्टरवर सही झाली म्हणजे कापड निघालं असं होत नाही. पाळी संपली की वार मोजले जातात. किती विणलं, किती तुटलं, सारं वहीत येतं. आमच्या कामाचा असा रोजचा हिशेब होतो. मग ज्याला आपण पाच वर्षांसाठी दिल्लीला पाठवतो, त्याच्या कामाचा हिशेब काहून होत नाही? आजचा विषय एवढाच आहे.

कुणी म्हणेल, दिल्लीतल्या हात वर करण्याशी आमच्या साच्याचा संबंध काय? संबंध आहे. १९७४ साली संसदेने कायदा करून देशातल्या १०३ आजारी गिरण्या सरकारच्या मालकीच्या केल्या. हजारो घरांची चूल त्या एका मताने पेटती राहिली. आता दुसरी बाजू पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये औद्योगिक संबंधांची नवी संहिता संसदेत आली. पूर्वी शंभर कामगारांचा कारखाना बंद करायचा तर मालकाला सरकारची परवानगी लागे. नव्या संहितेने तो आकडा तीनशे केला. त्या दिवशी विरोधी पक्ष बहिष्कार टाकून बाहेर होते, आणि संहिता आवाजी मताने मंजूर झाली.

आवाजी मत म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. सभापती विचारतात, बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, आवाज मोठा त्याचा जय. कोण काय म्हणाला याची नोंद कुठंच होत नाही. नावानिशी नोंद व्हायची तर कुणीतरी उठून मतविभागणी मागावी लागते. त्या दिवशी बाहेर बसलेल्यांनी ती मागितली नाही, आणि आत बसलेल्यांना ती नकोच होती. टाळेबंदीत त्याच वर्षी मार्च महिन्यात आपल्या गिरणीचा भोंगा थांबला होता. आपण घरी बसून बदलीच्या कामाची वाट पाहत होतो. तेव्हा आपल्या पोटाचा कायदा असा बिननावाने झाला.

आता थोडं मागं जाऊ, कारण आपलं मराठी राज्यच मुळी या प्रश्नातून जन्मलं आहे.

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. मुंबईसह सारा मराठी मुलूख एक व्हावा ही मागणी त्याने मानली नाही. विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचं वेगळं राज्य करावं असं सुचवलं. पुढे १९५६ च्या जानेवारीत पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचं जाहीर केलं. लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाले. या आंदोलनात शंभरावर माणसं हुतात्मा झाली. त्यात गिरणगावातले आपले भाऊ होते.

त्या वेळी लोकसभेत काँग्रेसच्या बाकांवर कितीतरी मराठी माणसं बसलेली होती. त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता : पक्ष की लोक? त्याला तऱ्हेतऱ्हेची उत्तरं मिळाली.

पहिले चिंतामणराव देशमुख. कुलाब्यातून निवडून आलेले, देशाचे अर्थमंत्री. मोर्च्यात घोषणा देणारा हा माणूस नव्हे. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, कागदाचा आणि आकड्यांचा माणूस. पण मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात नीट न विचारता झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली, हे त्यांना पटलं नाही. त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सर्वांसमक्ष सांगितली.

दुसरे काकासाहेब गाडगीळ, पुण्याचे. मुंबईसाठी लोकसभेत ते कडाडून बोलले. पण पक्ष सोडला नाही. १९५७ च्या निवडणुकीत पुणेकरांनी त्यांना बाजूला ठेवलं आणि समितीच्या पाठिंब्याने उभे राहिलेले नानासाहेब गोरे निवडून आले.

तिसरे यशवंतराव चव्हाण. ते तेव्हा मुंबई राज्यात मंत्री होते, लोकसभेत नव्हते. पण त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू, असं त्यांनी १९५५ साली फलटणला उघड सांगितलं. लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. पण निदान त्यांनी सांगितलं ते तोंडावर सांगितलं. कुठं उभे आहेत हे लोकांना कळत होतं.

चौथे आपले, अमरावतीचे. डॉ. पंजाबराव देशमुख, आपले भाऊसाहेब. त्या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. ते सरकारात राहिले, १९६२ पर्यंत राहिले. शेतकऱ्याच्या पोरांसाठी त्यांनी उभ्या केलेल्या शाळा-कॉलेजांत आपल्यातल्या कितींची लेकरं शिकली, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांचं ऋण वऱ्हाड विसरणार नाही.

दोन देशमुख, एक बाहेर पडला, एक आत राहिला. आम्ही एकाला देव आणि दुसऱ्याला दगड म्हणायला उभे नाही. पक्षात राहणं हा गुन्हा नाही. युनियनची शिस्त तरी काय असते? संपाचा ठराव झाला की ज्याचं मत विरोधात होतं तोही गेटवर उभा राहतो. शिस्तीशिवाय संघटना नाही. पण शिस्त पाळणाऱ्याला दोन गोष्टी विचारता आल्या पाहिजेत. ठराव होण्याआधी बैठकीत तू आमच्यासाठी तोंड उघडलंस काय? आणि शिस्त पाळून आमच्या पदरात काय आणलंस?

१० ऑगस्ट १९५६ ला लोकसभेने मोठ्या बहुमताने द्विभाषिक मुंबई राज्य मंजूर केलं. मुंबई, गुजरात, मराठवाडा, विदर्भ सारे एकत्र. चिंतामणरावांच्या राजीनाम्याने तो ठराव अडला नाही, हे खरं. पण दिल्लीचा अर्थमंत्रीच खुर्ची सोडतो म्हटल्यावर या मागणीला कुणी गुंडांची मागणी म्हणू शकलं नाही. १९५७ साली गिरणगावाने डांग्यांना लोकसभेत पाठवलं. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली. तरीही द्विभाषिकाचं सरकार टिकलं. कशावर टिकलं? गुजरात, मराठवाडा आणि आपल्या विदर्भातून निवडून आलेल्या आमदारांवर. म्हणजे वऱ्हाडाने पक्षनिष्ठा पुरेपूर पाळली, लेकहो! १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो लढणाऱ्यांच्या रेट्याने झाला.

आता विचारा, त्या निष्ठेचं वऱ्हाडाला काय मिळालं?

सप्टेंबर १९५३ मध्ये पुढाऱ्यांनी नागपूर करार केला होता. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, दर साली विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला. १९५६ मध्ये घटनेत कलम ३७१ (२) आलं. विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं स्थापण्याची तरतूद त्यात झाली. शब्द छापला गेला. पण मंडळं प्रत्यक्षात केव्हा आली? १९९४ साली! अडतीस वर्षं लागली. मधल्या काळात अनुशेष किती साचला ते मोजायला १९८३ साली दांडेकर समिती नेमावी लागली. आणि त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तेही आपली गिरणी थांबली त्याच टाळेबंदीच्या दिवसांत.

या अडतीस वर्षांत विदर्भातून कितीतरी खासदार गेले. बहुतेक सत्ताधारी पक्षाचेच. दर मतदानाला सरकारच्या बाजूने हात वर झाले. पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जू, तशी आमची गत. या अन्यायाला कंटाळून आपल्यातलेच काही भाऊ वेगळा विदर्भ मागतात. आम्ही मराठी भाषेच्या एका राज्याच्या बाजूचे आहोत. पण त्या भावांना आम्ही शत्रू म्हणणार नाही. त्यांचा राग खोटा नाही. आमचं म्हणणं एवढंच : राज्य एक ठेवा की दोन करा, प्रतिनिधीला हिशेब विचारायची सवय लागली नाही तर अमरावती जिल्ह्याच्या नशिबी तेच येणार.

आता आजचे खासदार काय म्हणतात? म्हणतात, 'बाप्पा, आमचे हात बांधलेले आहेत, पक्षाचा व्हिप असतो.' यात अर्धं खरं आहे. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. पक्षाच्या हुकमाविरुद्ध मत दिलं किंवा मत द्यायचं टाळलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. एक तृतीयांश फुटले तर चालेल ही पळवाट होती, ती २००३ साली बुजवली. चिंतामणरावांच्या काळी हा कायदा नव्हता, हे मान्य.

पण व्हिपने हात बांधला जातो, जीभ नाही. पक्षाच्या बैठकीत बोलायला व्हिप आडवा येत नाही. लोकसभेत प्रश्न विचारायला सहसा येत नाही. मंत्र्याला पत्र लिहायला येत नाही. आणि खुर्ची सोडायला तर कुठलाच व्हिप आडवा येत नाही!

ज्याला व्हिपच नाही, त्याचंही पाहा. २०१९ साली आपल्या अमरावतीतून नवनीत राणा अपक्ष म्हणून निवडून आल्या. त्यांना काँग्रेस आणि राष्ट्रवादीचा पाठिंबा होता. लोकसभेत त्या भाजपच्या सरकारसोबत उभ्या राहिल्या. २०२४ ला भाजपच्या उमेदवार झाल्या आणि काँग्रेसचे बळवंत वानखडे निवडून आले. कुणी याला चूक म्हणेल, कुणी बरोबर. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या पाच वर्षांत आपण एकदा तरी सभा घेऊन विचारलं काय, की आमचं मत तिकडे का गेलं? आणि आजच्या खासदाराला तरी विचारतो काय? पक्ष कुठलाही असो, वही सर्वांसाठी एकच पाहिजे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीत युनियनची एक वही ठेवा. लिहिता येणाऱ्या पोरापोरींच्या हाती द्या. लोकसभेचं कामकाज छापून येतं, मोबाईलवरही दिसतं. त्यात चार गोष्टी लिहा :

१. कामगारांचा, कापसाचा, विदर्भाचा विषय आला त्या दिवशी खासदार हजर होता की नाही.

२. मतविभागणी झाली तर त्याचं नाव कुठल्या बाजूला आहे.

३. आवाजी मताने काम उरकत होतं तेव्हा त्याने मतविभागणी मागितली काय.

४. गिरणीबद्दल त्याने किती प्रश्न विचारले आणि उत्तर काय मिळालं.

आणि पाचवी गोष्ट निवडणुकीच्या आधीची. उमेदवार मत मागायला येईल तेव्हा हार घालण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या : पक्षाचा हुकूम आणि आमचं पोट यांची गाठ पडली तर तू काय करशील? 'बघू' म्हणाला तर आपणही 'बघू' म्हणायचं.

शेवटी आपल्या घरचं बोलतो. आपल्या युनियनमध्ये सगळ्या पक्षांचे लोक आहेत. कुणाच्या खांद्यावर कुठला रुमाल, कुणाच्या दारावर कुठला झेंडा. असू द्या. पण आपल्या पक्षाच्या खासदाराचं पान उघडलं की डोळे मिटायचे आणि दुसऱ्याच्या पक्षाचं उघडलं की बोंबलायचं, असं केलं तर ती वही पहिल्याच महिन्यात फाटेल. ज्या पक्षाला आपण मत दिलं, त्याचंच पान आधी उघडा. त्याला जाब विचारायचा पहिला हक्क आपला आहे, कारण मत आपलं आहे.

एका धाग्याने कापड होत नाही. ताण्याला बाणा लागतो. एकट्याने विचारलेला प्रश्न दारावरच्या शिपायापर्यंतही जात नाही. हजारांनी मिळून विचारलेला प्रश्न दिल्लीला ऐकू येतो, हे १९५७ ने दाखवलं आहे. पुढच्या रविवारी युनियनच्या कचेरीत पहिली वही सुरू होईल. या, आणि येताना शेजाऱ्याला घेऊन या.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!