मुलांचें विज्ञान आणि चित्रांतील खुणा

चाळीसगांवाजवळील पाटण येथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याची नोंद त्यांत आढळते. आचार्यांची 'लीलावती' ११५० ची. तिच्यांत काटकोन त्रिकोण येतो तो तळ्यांतल्या कमळाच्या रूपानें. कळी पाण्यावर अर्धा हात. वाऱ्यानें कलून ती दोन हातांवर बुडते. तर पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात. हा ग्रंथ कांहीं बालवर्गासाठीं नव्हे. परंतु आधीं डोळ्यांपुढें वस्तु आणि मग रेषा, हा त्याचा क्रम बालवर्गासहि मानवेल.

आतां शाळेच्या भिंतीवरील जलचक्राचें नेहमींचें चित्र पाहावें. समुद्रांतून वाफ वर जाते तेथें बाण, पाऊस पडतो तेथें बाण, पाणी जमिनींत मुरतें तेथेंहि तोच बाण! मोठ्यांस त्यांत कांहीं खटकत नाहीं. सहा वर्षांच्या मुलास मात्र बाण ठाऊक असतो तो रामाच्या भात्यांतला. एकाच खुणेचे हे तीन अर्थ त्यानें जाणावे कसे? शिवाय धुळ्याच्या किती मुलांनीं समुद्र पाहिला असेल? त्यांच्या ओळखीची नदी पांझरा. तिच्यावर बंधारे घालून पाटानें फडांस पाणी देण्याची पद्धत फार जुनी. पाटकरी पाणी कोणत्या फडास सोडतो, हें तिथल्या शेतकऱ्याचें मूल चालतांबोलतां शिकत आलें. वाहत्या पाटाच्या कडेनें मुलाला चालवावें आणि मग कागदावर बाण काढावा. त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

वाफेचें काम अधिक अवघड, कारण ती दिसतच नाहीं. जळगांवच्या वैशाखांत ओलें फडकें दोरीवर टाकतांच वाळूं लागतें. पाणी गेलें कोठें? श्रावणांत बर्फाच्या पाण्यानें भरलेल्या तांब्यास बाहेरून घाम फुटतो, तेव्हां हवेंतलें पाणी पुन्हां हातीं लागतें. एवढें पाहून झाल्यावर वाफेस ठिपके आणि पाण्यास थेंब, अशा दोन वेगळ्या खुणा द्याव्या.

संख्या दाखवितांना व्हिएन्नाच्या ओटो नॉयराथ यांचा नियम उपयोगी पडतो. १९२५ पासून तेथील संग्रहालयांत त्यांनीं ही चित्रभाषा घडविली. आंकडा वाढला तर चिन्ह मोठें करूं नये, तेंच चिन्ह अधिक वेळां काढावें. जूनपासून पावसाच्या प्रत्येक दिवसास भिंतीवर एक निळा थेंब चिकटवावा. मुसळधार पावसाच्या दिवशीं मोठा थेंब काढण्याचा मोह गुरुजींनीं आवरावा, कारण थेंब येथें दिवस सांगतो, पावसाचें माप नव्हे. आश्विनांत धुळ्याच्या आणि जळगांवच्या वर्गांनीं आपापले थेंब मोजून एकमेकांस पत्रानें कळवावे.