अंगणातील चित्रे आणि हलव्याचे दागिने

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कलावस्तूंच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करताना दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी चित्रकलेतील एखादी अधिकारी व्यक्ती येथे उभी असती तर ते अधिक शोभले असते. मी मॅट्रिक झालेला एक साधा शिक्षक. चौतीस वर्षे खडू आणि फळा यांच्या संगतीत काढली. शाळेस स्वतंत्र चित्रकलाशिक्षक नव्हता, म्हणून एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांस बसणाऱ्या मुलांची तयारी करून घेण्याचे काम मजकडे आले. एवढ्याच पुण्याईवर चिटणीसांनी मला आज बोलण्याची आज्ञा केली आहे. परंतु मला जे सांगावयाचे आहे ते चित्रकलेच्या शास्त्राविषयी नाही. ते एका चुकीविषयी आहे आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

माझ्या थोरल्या वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी दुसरीत होतो. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. चैत्र लागला, गौर बसली, की त्या पहाटे अंगण सारवून चैत्रांगण काढावयास बसत. मध्यभागी पाळण्यातील गौर, मग सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, गोपद्मे, आंब्याची डहाळी, फणी आणि करंडा. समोर नमुना नाही, पट्टी नाही, खोडरबर तर नाहीच. अंगठा आणि तर्जनी यांमधून रांगोळीची चिमूट सुटत असे आणि सारवणाच्या हिरवट काळ्या जमिनीवर हत्ती उभा राही. परीक्षेच्या भाषेत ज्यास आम्ही स्मरणचित्र म्हणतो, तेच हे. आमच्या मुलांस त्यासाठी ठरावीक तास मिळत. वहिनींस चुलीवरचे दूध उतू जाण्यापूर्वी ते पुरे करावे लागे.

आठवीत मी एलिमेंटरीस बसलो. मुक्तहस्त वळणे काही केल्या साधेनात. रेघ मध्येच अडखळे, मग मी ती खोडी आणि कागद काळा करी. नागपंचमीच्या आदल्या दिवशी वहिनी पाटावर गंधाने नाग काढीत होत्या. फण्यापासून शेपटीपर्यंतचे वेटोळे बोट न उचलता पुरे झाले. माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या, “भाऊजी, रेघ हाताने नका ओढू, खांद्यातून येऊ द्या. आणि मध्ये थांबू नका. चिमूट थांबली की रेघ जाडावते.” पुढे एवढे एक वाक्य मी शेकडो मुलांस सांगितले. ते कोणाचे, हे मात्र एकासही सांगितले नाही. माझे प्रमाणपत्र दादांनी चौकटीत बसवून ओटीवर टांगले. वहिनींचा नाग दुसऱ्या दिवशी पाटाबरोबर धुतला गेला. यात काही वावगे आहे असे तेव्हा घरात कोणासच वाटले नाही, वहिनींसही नसावे.

दागिन्यांची गोष्ट याहून निराळी. संक्रांतीस नव्या सुनेस आणि बोरन्हाणाच्या वेळी तान्ह्या मुलास हलव्याचे दागिने घालण्याची आपली रीत सर्वांस ठाऊक आहे. हल्ली ते बाजारात तयार मिळतात आणि दिसावयास झकास असतात. परंतु हलवा घरी कसा होतो हे पाहिलेली माणसे या सभागृहात आता थोडीच असतील, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

साबुदाणा, तीळ, खसखस, लवंग, भोपळ्याच्या बिया असे दाणे निवडून घ्यावयाचे. साखरेचा पाक करून त्यात थोडे दूध घालून मळी काढावयाची. शेगडीत निखारे जेमतेम जिवंत ठेवून वर परात मांडावयाची आणि तीत दाणे घालून चमचाभर पाक सोडावयाचा. मग बोटांनी दाणे हलवीत राहावयाचे. तो पाक सुकला की पुन्हा चमचाभर. घाई करून पाक अधिक पडला तर दाणे एकमेकांस चिकटून गोळा होतो. निखारा अधिक झाला तर साखर पिवळी पडते. असे दोन-तीन दिवस चालले म्हणजे दाण्यावर काटा फुलू लागतो. हवेत गारठा हवा, नाहीतर काटा धरत नाही. म्हणून हे काम रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे. वहिनींच्या बोटांची टोके पौष महिन्यात सोललेली असत आणि त्याच बोटांनी त्या दिवसा भाकऱ्या थापीत.

हलवा झाला म्हणजे अर्धे काम झाले. लवंगेचे लांबट दाणे हारास, साबुदाण्याचे गोल दाणे मंगळसूत्रास आणि नथीस, खसखशीचे बारीक दाणे बिंदीच्या जाळीस. बाजूबंद, तन्मणी, कंबरपट्टा, मुलासाठी मुकुट आणि बासरी. खाली सोनेरी कागद, आत पांढरा दोरा. आमच्या धाकट्या बहिणीच्या पहिल्या संक्रांतीस काळ्या चंद्रकळेवर तो शुभ्र साज चढला, तेव्हा तिच्या सासूबाईंनी दाणा न् दाणा निरखून पाहिला होता. आठ दिवसांनी मुलांनी ते दागिने खाऊन टाकले. मीही खाल्ले. नथ मी खाल्ली, हे पक्के आठवते.

आता थोडे दूर, बिहारात जावे लागेल. कारण आपल्या अंगणात जे घडले नाही ते तेथे घडले. मिथिला प्रांतातील स्त्रिया लग्नघरातील कोहबराच्या भिंती पिढ्यान् पिढ्या चितारीत आल्या. १९३४ च्या भूकंपात घरे कोसळली, आतल्या भिंती उघड्या पडल्या, आणि मधुबनीचे इंग्रज अधिकारी आर्चर यांनी ती चित्रे प्रथम पाहिली व त्यांची छायाचित्रे घेतली. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी तेथे एका चित्रकारास पाठविले. तो चित्रकार मराठी होता, भास्कर कुलकर्णी. त्यांनी त्या स्त्रियांच्या हाती कागद दिला. भिंतीवरची चित्रे कागदावर आली, विकली जाऊ लागली, आणि मुख्य म्हणजे चित्राबरोबर नाव येऊ लागले. जितवारपूरच्या जगदंबा देवी यांस १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवी यांस १९८१ साली, गंगा देवी यांस १९८४ साली. गंगा देवींनी तर आपला अमेरिकेचा प्रवास आणि पुढे स्वतःच्या कर्करोगावरील उपचारही चितारले. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी रंगविलेले कोहबरघर २०१५ साली नूतनीकरणात नष्ट झाले. परंतु ते कोणाचे गेले हे सर्वांस ठाऊक होते, म्हणून हळहळ तरी झाली.

हेच भास्कर कुलकर्णी आपल्या डहाणूकडील वारली पाड्यांतही गेले. वारल्यांत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहिण्याचा मान सुवासिनींचा. तेथे गंजाडचे जिव्या सोमा मशे हे पुरुष असूनही, लग्नकार्य नसतानाही, रोज चित्रे काढीत. त्यांस कागद मिळाला, त्यांचे नाव देशोदेशी गेले, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. मशे यांची थोरवी मी यत्किंचितही कमी लेखत नाही. परंतु त्यांच्यापूर्वी ज्या सुवासिनींनी ते चौक लिहिले त्यांपैकी एकीचेही नाव मला सांगता येत नाही, आणि ही गोष्ट मला अलीकडे झोपू देत नाही.

याचे कारण गेल्या वर्षीचे आपले प्रदर्शन. वस्तूंखालील चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्या अक्षरामुळे मजकडे आले होते. भरतकामाचे रुमाल, क्रोश्याचे पडदे, मण्यांची तोरणे, रुखवतातील कापसाच्या बाहुल्या, सर्वांखाली मी सुवाच्य अक्षरात लिहिले: “श्री. अमुक अमुक यांजकडून.” वर्गणीच्या वहीत जी नावे होती तीच उतरविली. वहिनींच्या कशिद्याच्या रुमालाखाली माझ्या थोरल्या बंधूंचे नाव आले. दादांस जाऊन आता नऊ वर्षे झाली. वहिनी काठी टेकीत आल्या, चष्मा पुसून चिठ्ठी वाचली, काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या दादांना सुईत दोरा ओवता येत नव्हता हो.” सगळे हसले. मीही हसलो, पण त्या हसल्या नव्हत्या, हे माझ्या पत्नीने मला नंतर सांगितले.

यंदाच्या चिठ्ठ्या मी पुन्हा लिहिल्या आहेत. चिटणीसांनी घरोघर फिरून विचारपूस केली, त्यांचे आभार मानले पाहिजेत. काही घरांत वस्तू कोणी केली यावर वादही झाले म्हणे. वहिनींस जिने चढवत नाहीत, म्हणून त्या आज येथे नाहीत. त्यांचा रुमाल डावीकडून तिसऱ्या टेबलावर आहे. नाव तेथे वाचावे, ते त्यांचे स्वतःचे आहे. शेजारी हलव्याचा एक बाजूबंद मांडला आहे. तो त्यांच्या नातीने या पौषात त्यांच्या देखरेखीखाली केला. काटा नीट आलेला नाही. वहिनींनीच तसे लिहावयास सांगितले, पण ते मी लिहिले नाही.

दाराजवळच्या हिरव्या मण्यांच्या तोरणाखालील चिठ्ठी अजून कोरी आहे. ते एका जुन्या पेटीत निघाले आणि त्या घरात सांगणारे कोणी उरलेले नाही. ते कोणाच्या आजीने वा आत्याने ओवले हे ज्या कोणा वडीलधाऱ्या भगिनीस ओळखता येईल, तिने कृपा करून मला बाजूस घेऊन सांगावे. पेन माझ्या खिशात आहे.