बोर्ड बदलला, मग विंडोज कुठे गेलं?

आजचा भाग अशा सगळ्यांसाठी आहे, ज्यांच्या घरात किंवा दुकानात एक जुना कॉम्प्युटर आहे आणि ‘याचं आता करायचं काय’ हा प्रश्न पडलाय. मी नोकरीला पुण्यात असलो तरी गाव माझं माहूर. त्यामुळे उदाहरणं तिकडचीच देतो.

माहूरला रेणुकामातेच्या गडाकडे जाताना बाजारात बघा. फोटो प्रिंट करून देणारे स्टुडिओ, झेरॉक्सवाले, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी सेवा केंद्रं. नवरात्रात तर श्वास घ्यायला फुरसत नसते. या प्रत्येक दुकानात एक तरी कॉम्प्युटर असतो, बहुतेक वेळा सात-आठ वर्षं जुना, आणि त्याच्यावरच घर चालतं.

आता झालं काय, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबतात. घरगुती वापराच्या मशीनला नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळायची सोय आहे, पण ती तात्पुरती. मग लोक म्हणतात, चला विंडोज ११ टाकू. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. जुन्या मशीनमध्ये हे नसतं. मेकॅनिक सांगतो, ‘मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलू, बाकी सगळं जुनंच राहू द्या, पैसे वाचतील.’

इथेच खरी मेख आहे. बोर्ड बदलतो, जुनी डिस्क जोडली जाते, मशीन सुरू होतं, आणि कोपऱ्यात अक्षरं येतात: विंडोज ॲक्टिव्हेट करा. मग मला फोन येतो, ‘भाऊ, डिस्क तर जुनीच हाय, मंग विंडोज काहून गेलं?’

उत्तर सोपं आहे. विंडोज डिस्कवर असतं, पण त्याचं लायसन्स डिस्कचं नसतं.

मोटरसायकल घ्या. टायर बदला, सीट बदला, हेडलाइट बदला, आरसी बुक तेच. पण चेसिस बदललीत तर? आरसी त्या चेसिस नंबरची असते. कंपनीकडून विंडोज टाकून आलेल्या लॅपटॉप किंवा डेस्कटॉपचं तसंच असतं. त्या लायसन्सला ओईएम म्हणतात, आणि त्याची चेसिस म्हणजे मदरबोर्ड. विंडोज ८ पासून तर अशा मशीनची की बोर्डवरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. म्हणून रॅम वाढवा, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, ग्राफिक्स कार्ड बदला, फॉरमॅट मारून त्याच आवृत्तीचं विंडोज पुन्हा टाका, काही अडत नाही. ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

बोर्डच बदलला तर मात्र नियमाप्रमाणे ते नवं मशीन झालं. त्याला एक अपवाद आहे. बोर्ड खराब झाला आणि त्याच कंपनीने तसाच किंवा त्याच्या जागी चालणारा दिला, तर लायसन्स टिकतं. आपल्याकडे पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन बोर्ड जळणं काही नवीन नाही. वॉरंटी असेल तर आधी कंपनीला फोन करा. घाईत बाहेरून दुसराच बोर्ड टाकलात की हा हक्क हातचा जातो.

दुसरा प्रकार रिटेल. म्हणजे तुम्ही विंडोज वेगळं विकत घेतलंय. ते एका मशीनवरून काढून दुसऱ्या मशीनवर नेता येतं, पण एका वेळी एकाच मशीनवर. अशांनी एक काम आजच करा: सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलंय का बघा. बोर्ड बदलल्यावर त्याच पानावरच्या ट्रबलशूटरला ‘हार्डवेअर बदललंय’ असं सांगता येतं. पण जोडणी आधी केलेली पाहिजे.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते कळायला विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. जो चौकोन येईल त्यात टाइप करा: एसएलएमजीआर, एक स्पेस, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ, डीएलआय. अर्थात इंग्रजी अक्षरांत. ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम, ते तिथे दिसेल. फक्त एक लक्षात ठेवा, जुन्या विंडोज ७ वरून फुकट अपग्रेड झालेल्या मशीनवरही रिटेल दिसू शकतं. त्यामुळे पक्का पुरावा म्हणजे बिल. आणि विंडोज ७ किंवा ८ च्या कीवर नवं विंडोज ॲक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केलीय, त्या आशेवर बोर्ड घेऊ नका.

बरं, व्हॉल्यूम दिसलं तर? ते लायसन्स मोठ्या कंपन्या, कॉलेजं यांच्यासाठी असतं. तुमच्या झेरॉक्सच्या दुकानात ते आलं कसं, हा प्रश्न विचारायलाच हवा. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या कीमध्ये अशा बऱ्याच असतात. आज चालते, उद्या कंपनीने बंद केली की पैसे गेले.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेन ड्राइव्हवरचं ॲक्टिव्हेटर. त्याची पहिलीच सूचना असते, अँटिव्हायरस बंद करा. जरा विचार करा, कुलूप उघडून द्या म्हणणाऱ्याला तुम्ही घरात घेताय. आणि घरात आहे काय? गावातल्या लोकांचे आधार, पासबुक, जातीचे दाखले, सातबारे, सगळं स्कॅन करून त्याच डिस्कवर. नुकसान फक्त दुकानदाराचं होत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवून कागद देणाऱ्या आजीचंही होतं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

कायदाही माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. दुकान म्हणजे मात्र धंदाच झाला ना.

मग करायचं काय? बोर्डाचा भाव विचारताना त्यात नव्या विंडोजची किंमत मिळवा आणि मग हिशोब करा. कित्येकदा विंडोज ११ सकट येणारं, बिलासह मिळणारं मशीन जवळपास त्याच पैशात बसतं. पैसेच नसतील तर लिनक्स आहे. उबुंटू, मिंट, किंवा आपल्याच सी-डॅकने बनवलेलं बॉस. तिथे बोर्ड दहादा बदला, लायसन्स विचारणारं कोणी नाही, आणि मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत आहेच. फक्त दुकानदारांनो, तुमचं अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन आणि प्रिंटर लिनक्सवर चालतो का, हे आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तपासा. मगच डिस्कला हात लावा.

आणि मेकॅनिकला बिलावर एक ओळ लिहून मागा: विंडोज कोणतं टाकलं, लायसन्स कोणतं. तो कां-कूं करायला लागला, तर समजून जा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!