चित्रकार वामन नावेलकर

खंडाळ्याहून खंबाटकीचा घाट ओलांडून वाईस जावे आणि तेथून जवळच मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा पाहावा. त्या वाड्याच्या भिंतींवरील चित्रे जेथे रंगविली गेली तेथेच आहेत. कागदावरील चित्राचे प्राक्तन मात्र निराळे. ते धन्याबरोबर देशोदेशी हिंडते आणि प्रसंगी वाटेतच अंतरते. गोमंतकीय चित्रकार वामन नावेलकर यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

नावेलकरांचा जन्म 1929 साली पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात झाला. पोंबुर्पा हे त्यांचे गाव. 1954 साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते लिस्बन येथील ललितकला विद्यालयात गेले. 1961 च्या डिसेंबरात भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. त्या सुमारास भारताचा निषेध करणाऱ्या पत्रकावर सही करण्याची मागणी त्यांच्याकडे झाली. त्यांनी ती नाकारली आणि शिष्यवृत्तीस मुकले. परक्या शहरात तोच त्यांचा आधार होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नकाराचे मोल कळते.

1963 साली ते आफ्रिकेतील मोझांबिक या पोर्तुगीज वसाहतीत शिक्षक म्हणून गेले. अध्यापन करावे आणि उरल्या वेळात रेखाटने करावीत, असा क्रम एक तपभर चालला. 1975 साली मोझांबिक स्वतंत्र झाला. त्या धामधुमीत नावेलकरांस कारावास घडला. सुटकेनंतर, 1976 साली, ते लिस्बनला परतले. परंतु या प्रवासात त्यांची चित्रांची पेटी गहाळ झाली. तीत शेकडो चित्रे होती. आफ्रिकेतील उमेदीच्या वर्षांची कमाई अशी एका क्षणात नाहीशी झाली.

1982 साली ते गोव्यास परत आले. इतक्या वर्षांनी परतलेल्या या कलावंतास स्वदेशातही ओळखणारे थोडेच होते. तथापि त्यांचा हात थांबला नाही. मोजक्या रेषांत आकृती उभी करणे हे त्यांचे वैशिष्ट्य होय. हिंदू घराण्यात जन्मलेल्या या चित्रकाराने ख्रिस्ताचे दुःखही तितक्याच आत्मीयतेने रेखाटले. चित्राखाली ते स्वतःचे नाव न घालता दिवंगत बंधूच्या स्मरणार्थ ‘गणेश’ अशी सही करीत.

2021 च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले. शिष्यवृत्ती सरकारने काढून घेतली, चित्रे प्रवासाने नेली. परंतु रेषा हातात होती, आणि तिच्याच बळावर त्यांनी पुन्हा आरंभ केला.